इशारा खोटा केव्हा ठरतो?

सत्य बोलावे याविषयी कोणत्याही धर्मात वा नीतिशास्त्रात दुमत नाही. परंतु सत्यभाषणाचे जे नियम आपण लहानपणापासून शिकतो ते बहुधा घडून गेलेल्या किंवा डोळ्यांसमोर घडत असलेल्या गोष्टींसंबंधी असतात. जे पाहिले ते तसेच सांगावे, जे ऐकले त्यात पदरचे मिसळू नये, दिलेला शब्द पाळावा, एवढ्यात त्यांचा समावेश होतो. जे अद्याप घडलेले नाही, घडेल की नाही हे सांगणाऱ्यासही निश्चयाने ठाऊक नाही, आणि तरीही ज्याविषयी मौन धरणे हाच अपराध होईल, अशा गोष्टीसंबंधी सत्य कसे बोलावे, हा प्रश्न त्या नियमांच्या कक्षेत सहसा येत नाही. हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा आहे असेही नव्हे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्या लोकांपुढे तो पावसाळ्याच्या तोंडाशी आणि पावसाळा सरल्यावर पुनःपुन्हा उभा राहतो. अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाल्याची वार्ता येते, बंदरावर बावटा चढतो, होड्या किनाऱ्यास ओढल्या जातात, शाळांना सुट्टी मिळते. आणि पुष्कळदा दोन दिवसांनी आकाश निवळते व वादळ दुसरीकडेच निघून जाते. मग जो तो म्हणू लागतो की, हवामान खात्याचा इशारा खोटा ठरला. हा ‘खोटा’ शब्द येथे न्याय्य आहे काय, याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम ज्याविषयी बोलावयाचे त्याचे स्वरूप पाहणे अवश्य आहे. समुद्राच्या पृष्ठभागाचे पाणी सुमारे २६.५ अंश सेल्सियसहून अधिक तापलेले असले, आणि वरच्या थरांतील वारे त्यास फारसे प्रतिकूल नसले, म्हणजे तेथून उठणारी वाफ वर जाऊन तिचे पाणी होते व त्या क्रियेत जी उष्णता मोकळी होते ती हवेस आणखी वर लोटते. खाली दाब उतरतो, भोवतालची हवा आत धावते, आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे ती सरळ न येता वळत वळत येते. असे हे भ्रमण जोर धरीत गेले म्हणजे कमी दाबाचे क्षेत्र अधिकाधिक तीव्र होते, आणि वाऱ्याचा स्थिर वेग ताशी ६२ किलोमीटरांवर गेला की त्यास आपल्याकडे चक्रीवादळ ही संज्ञा मिळते. परंतु प्रत्येक कमी दाबाच्या क्षेत्राचे चक्रीवादळ होत नाही. कित्येक जागच्या जागी विरून जातात. काही दोन-दोन दिवस रेंगाळून एका रात्रीत उग्र रूप धारण करतात. भर समुद्रात वेधशाळा नसते. म्हणून उपग्रहाने टिपलेल्या ढगांच्या आकृतीवरून वाऱ्याच्या वेगाचा अदमास करावा लागतो, आणि किनाऱ्याजवळ आल्यावर रडारची मदत मिळते. त्याच्या मार्गाचे तर विचारूच नये. भोवरा स्वतः गरगरत असला तरी तो कोठे जाईल हे ज्या प्रवाहात तो सापडला त्यावर अवलंबून असते. त्याचप्रमाणे वादळाची दिशा बरीचशी भोवतालचे विस्तीर्ण वारे ठरवितात, आणि ते वारेही बदलत असतात.

यामुळे अभ्यासकाच्या हाती जे ज्ञान येते ते रेषेसारखे नसून पट्ट्यासारखे असते. वादळ उद्या कोठे असेल हे तो बऱ्याच अचूकपणे सांगू शकतो. परवाचे सांगताना हा पट्टा रुंदावतो, तेरवाचे सांगताना आणखी रुंदावतो. भारतीय हवामान खात्याच्या अंदाजांत २०१६ ते २०२० या काळात वादळाच्या स्थानाची सरासरी चूक चोवीस तासांपूर्वी सुमारे ७५ ते ८० किलोमीटर व बहात्तर तासांपूर्वी सुमारे १६० किलोमीटर होती. पूर्वीच्या मानाने ही प्रगती फार मोठी आहे. परंतु मुंबईपासून श्रीवर्धनचे सरळ अंतर शंभर किलोमीटरांच्या आतबाहेरच आहे हे ध्यानी घेतले, म्हणजे त्या चुकीचा अर्थ कळतो. शास्त्राच्या दृष्टीने जी किंचित चूक, ती एखाद्या गावाच्या दृष्टीने सर्वस्वाची गोष्ट होऊ शकते.

याचे उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर घडले आहे. ३१ मे २०२० रोजी अरबी समुद्राच्या आग्नेय भागात, लक्षद्वीपच्या परिसरात, एक कमी दाबाचे क्षेत्र दिसू लागले. १ जून रोजी ते तीव्र झाले, २ जून रोजी त्याचे चक्रीवादळ होऊन त्यास ‘निसर्ग’ हे नाव पडले, आणि ३ जूनच्या दुपारी ते महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळले. जन्मापासून आघातापर्यंत उणेपुरे चार दिवस! त्या अवधीत उत्तर महाराष्ट्र व दक्षिण गुजरात यांच्या किनाऱ्यांस इशारा दिला गेला. मुंबई अर्थातच त्या पट्ट्यात होती. करोनाची साथ ऐन भरात असताना तेथील मैदानावर उभारलेल्या तात्पुरत्या रुग्णालयातून रुग्ण हलविण्यात आले, विमानतळ काही तास बंद राहिला, किनाऱ्यालगतच्या वस्त्या रिकाम्या करण्यात आल्या. वादळ मात्र अलिबागच्या दक्षिणेस भूमीवर चढले. मुंबईत झाडे पडली, पाऊस झाला, पण ज्याची धास्ती घेतली होती ते काही झाले नाही. तिकडे श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, मंडणगड या टापूत घरांची छपरे उडाली, विजेचे खांब आडवे झाले, आणि पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या पोफळीच्या व माडांच्या वाड्या काही तासांत भुईसपाट झाल्या. पोफळ लावणारा मनुष्य उद्याच्या पिकासाठी ती लावीत नसतो, पुढील कित्येक वर्षांच्या आशेने लावतो. म्हणून तेथे जे मोडले ते केवळ झाड नव्हते. तरीही इतक्या मोठ्या आघाताच्या मानाने मनुष्यहानी फार थोडी झाली. इशाऱ्याने माड वाचत नाहीत, माणसे वाचतात.

आता प्रश्न असा की, ३ जून २०२० चा इशारा खरा की खोटा? मुंबईच्या मध्यमवर्गीय माणसाने त्या संध्याकाळी खिडकी उघडून ‘उगाच घाबरविले’ असे म्हटले असेल. त्याच वेळी दिवेआगरचा बागाईतदार आपल्या उलथून पडलेल्या वाडीत उभा असेल. इशारा मात्र दोघांसही एकच होता. एकच वाक्य, एकाच मुखातून, एकाच पुराव्यावर उच्चारलेले, उत्तरेस असत्य आणि दक्षिणेस सत्य असे होऊ शकत नाही. ते दोन्हीकडे सत्य होते, किंवा दोन्हीकडे असत्य होते. आणि ते सत्य होते असे जर मानले, तर त्याचे सत्यत्व वादळ कोठे आले यावर अवलंबून नव्हते हेही मानावे लागेल. ते कशावर अवलंबून होते? आमच्या मते याचे उत्तर सरळ आहे. सांगणाऱ्यास त्या क्षणी जितके ठाऊक होते तितकेच, आणि जितक्या खात्रीने ठाऊक होते तितक्याच खात्रीने, त्याने सांगितले की नाही, यावर ते अवलंबून होते. भावी गोष्टींविषयी मनुष्यास शक्य असलेले सत्य हे एवढेच आहे. ज्ञान आणि भाषण यांच्यातील मेळ म्हणजे सत्य. भाषण आणि पुढची घटना यांच्यातील मेळ म्हणजे कधी कौशल्य, कधी दैव.

आपल्या भाषेनेही हा भेद राखलेला आहे. भविष्य किंवा भाकीत सांगणारा होणाऱ्या गोष्टीवर अधिकार सांगतो. अंदाज करणारा केवळ आपल्या हाती असलेल्या मापाविषयी बोलतो. धान्याच्या राशीकडे पाहून ती किती मण भरेल याचा अंदाज करणारा जाणता शेतकरी थोडा चुकला, तर त्यास कोणी खोटारडा म्हणत नाही. उलटपक्षी, कसलाही पुरावा हाती नसताना ‘अमुक दिवशी समुद्र खवळेल’ असे कोणी म्हणाला आणि त्या दिवशी खरोखरच समुद्र खवळला, तर ते कावळा बसायला आणि फांदी मोडायला असेच झाले. त्यास सत्यवक्ता म्हणणे म्हणजे सोडतीत पैसे मिळालेल्या माणसास उद्योगी म्हणण्यासारखे आहे. फळावरून वृक्षाची परीक्षा करावी हे खरे, परंतु एका फळावरून करू नये.

या ठिकाणी कोणी ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट पुढे करील. दोनदा फुकट ओरडलेल्या मुलावर तिसऱ्यांदा कोणी विश्वास ठेवला नाही, त्याचप्रमाणे पोकळ इशारे देणाऱ्याचे होणार, असा त्याचा आशय. पण ही उपमा मुळातच लंगडी आहे. त्या मुलाने लांडगा पाहिला नव्हता आणि आला म्हणून सांगितले; तो असत्य बोलला. समजा, रानाच्या कडेस लांडग्याची ताजी पावले त्यास खरोखरच दिसली असती, त्याने ‘पावले दिसली, सावध राहा’ असे सांगितले असते, आणि लांडगा दुसऱ्या गावाकडे वळला असता; तर गावकऱ्यांनी त्यास शिक्षा करावी की शाबासकी द्यावी? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकास ठाऊक आहे, आणि तरीही वादळ चुकले की आपण पहिल्या मुलाची शिक्षा दुसऱ्या मुलास देतो.

इतिहासात याहून बोधप्रद उदाहरण हेन्री पिडिंग्टन याचे आहे. कलकत्त्यास राहून त्याने बंगालच्या उपसागरातील वादळांचा अभ्यास केला. ‘सायक्लोन’ हा शब्द त्यानेच रूढ केला. गंगेच्या मुखप्रदेशात मातला नदीवर नवे बंदर वसविण्याचा सरकारचा बेत आहे असे कळल्यावर त्याने १८५३ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यास जाहीर पत्र लिहिले, आणि ती जागा केव्हा ना केव्हा वादळाच्या लाटेखाली बुडाल्यावाचून राहणार नाही असे बजावले. कोणी लक्ष दिले नाही. बंदर बांधले गेले, त्यास पोर्ट कॅनिंग असे नाव मिळाले, आणि १८६७ च्या नोव्हेंबरात वादळाने त्याची धूळधाण केली. पिडिंग्टन त्यापूर्वीच, १८५८ मध्ये, मरण पावला होता. आज त्याचे नाव निघते ते बंदर बुडाले म्हणून. पण आम्ही विचारतो की, ते वादळ १८६७ ऐवजी १९६७ मध्ये आले असते तर त्याचे पत्र मूर्खपणाचे ठरले असते काय? तो १८५३ मध्ये, ज्या दिवशी त्याने लेखणी उचलली त्याच दिवशी, सत्य बोलला होता. पुढच्या वादळाने त्याच्या सत्यात भर घातली नाही. केवळ ते आंधळ्यांसही दिसेल असे केले.

सत्याची कसोटी ही अशी एकदा ठरली, म्हणजे इशारा देणाऱ्याचे खरे अपराध कोणते हेही स्पष्ट होते. ते दोन आहेत: जितके ठाऊक तितके न सांगणे, आणि जितके ठाऊक त्याहून अधिक सांगणे.

पहिल्या अपराधाचे उदाहरण अमेरिकेतील गॅल्व्हेस्टन शहराचे. क्यूबा बेटावर वादळांचा अभ्यास फार जुना. हवाना येथील बेलेन वेधशाळेतील बेनितो व्हिन्येस या जेझुइट पाद्र्याने १८७५ मध्येच वादळाचा इशारा प्रसिद्ध केला होता. १९०० च्या सप्टेंबरात एक वादळ क्यूबावरून पुढे सरकले, तेव्हा तेथील जाणकारांचा अभिप्राय ते पश्चिमेकडे टेक्ससच्या रोखाने जाईल असा होता. वॉशिंग्टनच्या हवामान कार्यालयाचा कयास ते फ्लॉरिडाकडे वळून ईशान्येस जाईल असा होता. मतभेद हा काही अपराध नव्हे. परंतु क्यूबा त्या वेळी अमेरिकी अंमलाखाली होते, आणि क्यूबन अभ्यासकांच्या वादळविषयक तारा सरकारी तारायंत्रावरून जाऊ न देण्याची व्यवस्था वॉशिंग्टनने आधीच करून ठेविली होती. त्यांच्या वार्तांनी लोक उगीच घाबरतात अशी सबब होती. ८ सप्टेंबर रोजी वादळ गॅल्व्हेस्टनवर आले आणि किमान सहा हजार माणसे मेली. आमच्या मते वॉशिंग्टनचा अंदाज चुकला हे त्याचे पाप नव्हते. दुसऱ्या साक्षीदाराचे तोंड बंद केले हे पाप होते. लोक घाबरतील म्हणून लोकांपासून ज्ञान लपविणाऱ्याच्या मनात बहुधा लोकांची काळजी नसते, स्वतःच्या अधिकाराची असते.

मौनाचा आणखी एक प्रकार अधिक सोज्ज्वळ दिसतो. पुरेसे शास्त्र हाती येईपर्यंत बोलूच नये, असे तो म्हणतो. इंग्लंडात रॉबर्ट फिट्झरॉय याने १८६१ पासून किनाऱ्यावरील बंदरांस वादळाचे इशारे पाठविण्यास आरंभ केला. वृत्तपत्रांतून तो रोजचा अंदाजही देऊ लागला. आपले अंदाज ही भाकिते नव्हेत असे तो कळकळीने सांगे, तरी चुकलेल्या प्रत्येक अंदाजाबद्दल त्याची थट्टा होई. १८६५ मध्ये त्याने आत्महत्या केली. त्याच्या पश्चात विद्वानांच्या एका समितीने त्याच्या कार्याची छाननी करून या अंदाजांस शास्त्रीय पाया नाही असा निर्णय दिला, आणि १८६६ अखेर इशारेही थांबले. मग काय घडले? बंदरांतून मागणी आली की, इशारे पुन्हा सुरू करा. आणि १८६७ मध्ये ते पुन्हा सुरू करावे लागले. ज्यांचे प्राण पणास लागलेले होते त्यांस अपुरे ज्ञान चालत होते. ते अपुरे आहे एवढे त्यांस ठाऊक असले म्हणजे पुरे. परिपूर्ण ज्ञानाचा आग्रह हा सुरक्षित खोलीत बसलेल्यांचा होता.

दुसरा अपराध अतिशयोक्तीचा. तो मोहक असतो, कारण त्यामागे दया असते. १९७० च्या नोव्हेंबरात भोला बेटाच्या परिसरात, आज जेथे बांगलादेश आहे तेथे, जे चक्रीवादळ आले त्यात किमान तीन लाख माणसे बुडाली. वादळ येत असल्याची वार्ता बहुतेकांच्या कानी गेली होती. पण ते किती भयंकर आहे हे तिच्यावरून कळले नाही, आणि सुरक्षित आश्रयास गेलेले लोक अगदी थोडे होते. असे पाहिले म्हणजे वाटते की, लोक हलावेत म्हणून संकट दुप्पट करून सांगितले तर काय बिघडले? बिघडते ते असे की, अतिशयोक्ती करणारा उद्याच्या विश्वासावर आज कर्ज काढीत असतो, आणि हे कर्ज त्याला फेडावे लागत नाही. पुढील वादळात जे लोक ‘मागच्या वेळीही असेच म्हणाले होते’ म्हणून घरीच बसतात, ते फेडतात. प्रामाणिक इशारा फुकट गेला तरी त्याचा हिशोब देता येतो: एवढा पुरावा होता, एवढी शक्यता होती, वादळ पट्ट्याच्या या बाजूने गेले. फुगविलेल्या इशाऱ्याचा हिशोबच देता येत नाही.

ओडिशाचा अनुभव या दृष्टीने मननीय आहे. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मेली. पुढे १२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘फायलीन’ हे वादळ गोपालपूरजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा काही परदेशी अभ्यासक ते १९९९ च्या तोडीचे किंवा त्याहून उग्र असल्याचे सांगत होते. आपल्या हवामान खात्याने आपल्या मोजमापाबाहेर जाण्याचे नाकारले. त्यास जितके दिसत होते तितकेच त्याने सांगितले, आणि तेवढ्यावरच जवळजवळ दहा लाख लोक आश्रयस्थानी गेले. मृतांची संख्या पन्नासाच्या आत राहिली. दोन वादळांच्या मधल्या चौदा वर्षांत निवारे बांधले गेले, रस्ते झाले, गावोगावी माणसे तयार झाली. म्हणजे सत्य मोठ्याने ओरडण्याऐवजी ते ऐकून वागणे लोकांस शक्य करून देण्यात आले. आमच्या मते भोलाच्या शोकांतिकेचे खरे उत्तर अतिशयोक्ती हे नसून हे आहे.

येथवर सांगणाऱ्याचा धर्म झाला. परंतु ऐकणाऱ्याचाही एक धर्म आहे, आणि त्यातील कठीण भाग फुकट गेलेल्या इशाऱ्याची किंमत कोणी द्यावी हा आहे. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांस अशा इशाऱ्याची किंमत म्हणजे एक रद्द झालेला प्रवास किंवा मुलांची एक बुडालेली शाळा. मच्छीमाराचे तसे नाही. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात ‘क्यार’ आणि ‘महा’ ही दोन वादळे एकापाठोपाठ उठली. पहिले पश्चिमेकडे निघून गेले. दुसरे प्रथम पश्चिमेस जाऊन मग उलटे वळले, गुजरातच्या रोखाने आले, आणि किनारा गाठण्यापूर्वीच समुद्रात क्षीण झाले. आपल्या किनाऱ्यावर फारसा अनर्थ झाला नाही. सुशिक्षितांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण कोकणच्या कोळीवाड्यांतून पावसाळ्यानंतरच्या ऐन हंगामातील किती तरी दिवस होड्या किनाऱ्यावर उभ्या होत्या. बर्फाचा, डिझेलचा, खलाशांच्या पगाराचा खर्च चालूच होता. वादळ आले नाही म्हणून त्यांच्या नुकसानीस कोणी नुकसानी म्हणावयास सहजी तयार नव्हते. पुढे २०२० मध्ये राज्य सरकारने त्यांस काही साहाय्य जाहीर केले, ही समाधानाची गोष्ट आहे; परंतु ते उपकार म्हणून नव्हे, देणे म्हणून मानले गेले पाहिजे. विम्याचा हप्ता भरला आणि घर जळाले नाही, तर हप्ता फुकट गेला असे शहाणा मनुष्य म्हणत नाही. फुकट गेलेले इशारे हा सर्व समाजाच्या विम्याचा हप्ता आहे. आणि सर्वांच्या विम्याचा हप्ता एकट्या मच्छीमाराच्या खिशातून वसूल करणे हा उघड अन्याय आहे.

हा अन्याय दूर केल्यावाचून त्यास ‘इशारा मान’ असे सांगण्याचा नैतिक अधिकारही आपणांस पुरता येत नाही. ज्याच्या घरी आज चूल पेटायची आहे त्यास शंभरातील वीस शक्यतेचे गणित आपल्याहून निराळे दिसते, आणि ते निराळे दिसणे अज्ञान नव्हे. शिवाय इशारा वेळीच त्याच्यापर्यंत पोहोचला पाहिजे. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर ‘ओखी’ हे वादळ कन्याकुमारीच्या जवळ एका दिवसाच्या अवधीत वाढले. तोपर्यंत केरळ व तमिळनाडूचे मच्छीमार खोल समुद्रात गेलेले होते, आणि त्यांस कळविण्याचे साधन नव्हते. शेकडो माणसे गेली. वाऱ्यापुढे वाहवत आलेल्या कित्येक होड्यांनी आपल्या देवगडच्या बंदरात आश्रय घेतला. जो इशारा ऐकणाऱ्याच्या कानी पडत नाही तो कितीही अचूक असो, त्याच्यापुरते ते मौनच होय. त्याच्या उलट, २०२१ च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ वादळाचा इशारा दिवसांआधी प्रसृत झालेला असताना मुंबईपासून दूर तेलक्षेत्रात एक निवासी तराफा समुद्रातच राहिला, आणि तो बुडून त्यावरील सत्तरांहून अधिक कामगार प्राणास मुकले. समुद्रातून परत यावे की राहावे याचा निर्णय त्या कामगारांच्या हाती नव्हता. ज्याच्या हाती दुसऱ्याच्या जिवाचा निर्णय असतो त्यास शक्यतेशी जुगार खेळण्याचा अधिकार नाही. स्वतःच्या जिवावर धोका पत्करणाऱ्याचे धाडस आणि दुसऱ्याच्या जिवावर धोका पत्करणाऱ्याचे धाडस यांस एकच नाव देऊ नये.

अखेरीस असा आक्षेप येईल की, वादळ येवो वा न येवो, अंदाज देणारा सत्यवादीच ठरणार असेल, तर त्यास जाब विचारावयाचा कसा? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तरही आहे. एका इशाऱ्यावरून नव्हे, अनेक वर्षांच्या इशाऱ्यांवरून त्याची परीक्षा करावी. जेथे जेथे त्याने ‘बहुधा’ म्हटले तेथे तेथे बहुधा तसे घडले काय? त्याचा पट्टा वर्षानुवर्षे अरुंद होत चालला आहे काय? आपल्या चुकांचे आकडे तो स्वतः प्रसिद्ध करतो काय? या कसोट्या कडक आहेत. एका संध्याकाळी खिडकीतून आकाश पाहून दिलेल्या निकालाहून त्या पुष्कळच कडक आहेत, आणि म्हणूनच न्याय्य आहेत.

हीच कसोटी आपण घरातही लावू लागलो तर बरे होईल. रोग बळावण्याची शक्यता बोलून दाखविणारा वैद्य, कर्जाचा धोका सांगणारा वडील भाऊ, पूल कच्चा आहे म्हणून बजावणारा इंजिनिअर, या सर्वांची गत त्या अंदाज देणाऱ्यासारखीच असते. संकट आले तर ‘याच्या तोंडाने आले’, न आले तर ‘उगाच घाबरविले’. असा समाज हळूहळू आपल्या सर्व जाणत्या माणसांस गप्प बसावयास शिकवितो, आणि मग एखाद्या दिवशी कोणीच का सांगितले नाही म्हणून शोक करतो. किनाऱ्यावर पुन्हा बावटा चढेल, आणि पुष्कळदा तो नुसताच उतरेलही. त्या दिवशी वादळ जेथे गेले तेथील माणसांची आठवण करावी, ज्यांच्या होड्या आपल्यासाठी थांबल्या त्यांचे देणे द्यावे, आणि पुढचा बावटा चढेल तेव्हा त्याकडे पहिल्याइतक्याच गांभीर्याने पाहावे.